'द डिपार्टेड': माणसाची ओळख खरोखर दोघांच्याच भरवशावर सोडतात का?

नीरा_काठ यांचा प्रश्न

नमस्कार. मार्टिन स्कॉर्सेसी यांचा २००६ सालचा 'द डिपार्टेड' मी प्रथम पाहिला तेव्हा महाविद्यालयात होते, आणि त्या वेळी लक्षात राहिला तो गोळीबार, शिव्या आणि जॅक निकल्सन. परवा तो पुन्हा पाहिला आणि या खेपेस माझी झोप उडवली ती रक्ताने नव्हे, एका फाइलने. (पुढे कथानकाचा शेवट उघड केला आहे. ज्यांनी चित्रपट पाहिला नसेल त्यांनी इथेच थांबावे.)

ज्यांच्या स्मरणातून कथा निसटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बॉस्टनमधल्या राज्य पोलिसांचा तरुण माणूस बिली कॉस्टिगन हा फ्रँक कॉस्टेलोच्या टोळीत शिरतो, आणि त्याच कॉस्टेलोने पोरवयापासून हाताशी धरलेला कॉलिन सुलिव्हन पोलिसांत भरती होऊन भराभर वर चढतो. दोन्हीकडे घरभेदी असल्याचा संशय पसरतो, आणि पोलिसांतला घरभेदी शोधण्याचे काम नेमके सुलिव्हनवरच सोपवले जाते. कॉस्टिगन पोलीस आहे हे क्वीनन आणि डिग्नम या दोनच अधिकाऱ्यांना ठाऊक असते. क्वीननला इमारतीवरून खाली फेकून मारले जाते, डिग्नम भांडून निघून जातो, आणि मग कॉस्टिगनचे पोलीस असणे संगणकातल्या एका कुलूपबंद नोंदीपुरते उरते. ती नोंद सुलिव्हन पुसून टाकतो. त्यासाठी ना पिस्तूल लागते, ना धमकी. कार्यालयात खुर्चीवर बसून, टाय न विसकटता तो एका माणसाला नाहीसा करतो.

माझा मुख्य प्रश्न जाणकारांना असा आहे की पोलीस खाते आपल्या माणसाचे अस्तित्व खरोखर असे दोघांच्या स्मरणशक्तीवर आणि एका परवलीच्या शब्दावर टांगून ठेवते का, की ही पटकथाकाराची सोय आहे? शिवाय मूळ हाँगकाँगचा चित्रपट याहून सरस आहे असे वारंवार वाचते. तो कोणत्या बाबतीत सरस आहे हे कोणी समजावून सांगेल का? आणि शेवटच्या दृश्यात खिडकीबाहेरच्या कठड्यावरून जो उंदीर चालत जातो, तो मला फारच ढोबळ वाटला. मराठी मनाला तर उंदीर दिसला की आधी गणपती आठवतो, फितुरी नव्हे.

तिसरी_रांग

ताई, पहिल्या प्रश्नाचे उत्तर पोलीस खात्याशी संबंध आलेल्या कोणी द्यावे. मी दुसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण माझ्या मते त्याच्या पोटात पहिलाही दडलेला आहे.

मूळ चित्रपट म्हणजे अँड्र्यू लाउ आणि ॲलन माक यांनी दिग्दर्शित केलेला, डिसेंबर २००२ मध्ये हाँगकाँगमध्ये प्रदर्शित झालेला 'इन्फर्नल अफेअर्स'. टोळीत शिरलेला पोलीस टोनी लिउंग यांनी आणि पोलिसांत शिरलेला टोळीचा माणूस अँडी लाउ यांनी साकारला आहे. त्याची लांबी १०१ मिनिटे आहे आणि 'द डिपार्टेड'ची १५१. ही वरची पन्नास मिनिटे कशात गेली, हे पाहिले की दोन चित्रपटांतला फरक बराचसा कळतो. विल्यम मोनाहन यांच्या पटकथेने ती बॉस्टनला दिली आहेत: आयरिश वस्तीतला वर्गद्वेष, कोण कोणाचा पुतण्या याची उठाठेव, चर्च, आणि एकमेकांचा अपमान करण्याची ती अखंड चढाओढ. स्वतंत्रपणे पाहिले तर हे सगळे उत्तम आहे, पण त्या गर्दीत मूळ कथेतली एक शांत जागा हरवली, आणि तिचे मला अजूनही वाईट वाटते.

ती जागा म्हणजे ध्वनियंत्रांच्या दुकानातले दृश्य. टोळीतला पोलीस दुकानात बसलेला आहे आणि पोलिसांतला टोळीवाला गिऱ्हाईक म्हणून येतो. दोघे एकमेकांना ओळखत नाहीत. स्पीकर कसे वाजतात हे दाखवण्यासाठी एक जुने, हळुवार चिनी गाणे लावले जाते, आणि दोघे शेजारी शेजारी बसून पडद्याकडे पाहावे तसे समोर पाहत ते ऐकत राहतात. कोणती वायर वापरली तर आवाज अधिक चांगला येईल, असे काहीतरी बोलणे होते. बस, इतकेच. पुढे तासभर हे दोघे एकमेकांच्या जिवावर उठणार असतात, पण प्रेक्षकाच्या मनात ते आधीच एका बाकावर बसलेले असतात. 'द डिपार्टेड'मध्ये दोघांची समोरासमोर गाठ पडते ती अगदी अखेरीस, त्यामुळे तिथे शिकार आणि शिकारी दिसतात, जुळे भाऊ दिसत नाहीत.

मूळ चित्रपटाचे चिनी नाव बौद्ध परंपरेतल्या अवीची नरकावरून घेतलेले आहे, म्हणजे जिथे यातनांना खंड नाही असा नरक. हा शब्द आपल्याकडूनच तिकडे गेलेला असल्यामुळे थोडे विषयांतर करतो. भागवताच्या पाचव्या स्कंधात नरकांची जी वर्णने आहेत त्यांतही अवीची येतो, आणि तो खोटी साक्ष देणाऱ्यांसाठी राखलेला आहे. शंभर योजने उंचीच्या पर्वतावरून पाप्याला डोके खाली करून फेकतात, खाली पाण्यासारखा भासणारा पण दगडाचा पृष्ठभाग असतो, शरीर फुटते, तरी मरण येत नाही आणि पुन्हा वर नेऊन फेकले जाते. दोन्ही चित्रपटांत उंचावरून फेकला जातो तो मात्र खोटे बोलणारा नव्हे, तर सत्य ठाऊक असलेला वरिष्ठ अधिकारी. पटकथाकारांच्या डोळ्यांपुढे भागवत असण्याचा संभव नाही, पण ते वाचलेल्या माणसाला, हाँगकाँगच्या चित्रपटात तो देह गाडीच्या टपावर आदळतो तेव्हा शहारा येतोच.

नावाचा अर्थ लक्षात घेतला की शेवटातला फरकही उलगडतो. हाँगकाँगच्या आवृत्तीत फितूर जिवंत राहतो. पोलिसांचा गणवेश, पद, अंत्यसंस्काराच्या वेळची सलामी, सगळे त्याच्यापाशी उरते, आणि प्रबोधिनीतली जुनी आठवण येते: एका विद्यार्थ्याला बाहेर काढले जात असताना प्रशिक्षक विचारतात की त्याच्या जागी जायला कोण तयार आहे, आणि हा मनातल्या मनात म्हणतो, मी. खंड नसलेला नरक तो हाच. मुख्य भूमी चीनसाठी मात्र वेगळा शेवट जोडावा लागला, ज्यात त्याला अटक होते. स्कॉर्सेसींच्या चित्रपटात डिग्नम बुटांवर आवरणे चढवून सुलिव्हनच्या घरात वाट पाहत उभा असतो, सुलिव्हन किराणा घेऊन येतो, आणि एका गोळीत प्रकरण मिटते. प्रेक्षकाला समाधान मिळते, यात शंका नाही. मला ते समाधान नको होते.

तरीही हिंसेच्या हाताळणीत मी स्कॉर्सेसी आणि संकलक थेल्मा स्कूनमेकर यांना पुढचे स्थान देईन. कॉस्टिगन मारला जातो त्या लिफ्टच्या दृश्यात पूर्वतयारी नाही, संगीताचा इशारा नाही. दार उघडते आणि ज्या माणसाबरोबर आपण अडीच तास श्वास रोखून धरला होता तो वाक्य संपवायच्या आत पडतो. मृत्यूला नाट्यमय प्रवेश नाकारणे हे फार कठीण काम आहे. चित्रपटाला जी चार ऑस्कर मिळाली (चित्रपट, दिग्दर्शन, रूपांतरित पटकथा, संकलन) त्यांतले संकलनाचे मला सर्वांत निर्विवाद वाटते. जाता जाता, त्या सोहळ्यात मूळ चित्रपटाचा उल्लेख जपानी म्हणून झाला होता. ओळख पुसण्याविषयीच्या चित्रपटाच्या वाट्याला हेही यावे!

रात्रपाळी

ताई, मी मुंबई पोलीस दलातून निवृत्त झालो त्याला आता बरीच वर्षे झाली, आणि टोळीत राहून काम करणाऱ्या अधिकाऱ्यांशी माझा प्रत्यक्ष संबंध कधी आला नाही. खबऱ्यांशी मात्र आला. तेवढ्या अनुभवावर लिहितो.

प्रथम शब्दांचा घोळ दूर करायला हवा. कॉस्टिगन हा खबऱ्या नव्हे. खबऱ्या त्याच दुनियेतला असतो आणि पैशासाठी, आकसाने किंवा स्वतःवरचा गुन्हा हलका व्हावा म्हणून माहिती देतो. कॉस्टिगन हा शासनाचा पगारी नोकर आहे आणि इथेच चित्रपट मला पटत नाही. पगार कुठून निघत होता? आमच्याकडे माणूस मेला तरी सेवापुस्तक, भविष्यनिर्वाह निधी आणि बदलीचे आदेश त्याचा पिच्छा सोडत नाहीत. प्रबोधिनीतला हजेरीपट, सोबत शिकलेली मुले, वैद्यकीय तपासणीचा कागद, हे सगळे एका बटणाने पुसले जात नाही.

अमेरिकेतले गाजलेले उदाहरण घ्यायचे तर जोसेफ पिस्टोन या एफबीआय अधिकाऱ्याचे घ्यावे. डॉनी ब्रास्को या नावाने, दागिन्यांचा चोर म्हणून, ते १९७६ ते १९८१ न्यू यॉर्कच्या बोनानो टोळीत वावरले. त्यांच्याही नावाची कार्यालयीन नोंद काढून टाकली होती, आणि कोणी चौकशी केली तर असा माणूस इथे नाही असे उत्तर मिळे. परंतु पुसण्याचे काम खात्याने केले होते आणि खात्याला ते माहीत होते. त्यांच्या कामामुळे शंभरावर लोकांना शिक्षा झाल्या. त्यांना आत घेणारा सॉनी ब्लॅक मात्र, हा माणूस पोलीस होता हे उघड झाल्यावर काही आठवड्यांतच मारला गेला. चित्रपट पाहताना आपण फक्त वेषांतर केलेल्या पोलिसाची काळजी करतो. त्याच्यावर विश्वास टाकणाऱ्याची किंमत कोणी मोजत नाही.

कौटिल्याने या धंद्याचे नियम फार पूर्वी घालून दिले आहेत. हेरांनी एकमेकांना ओळखू नये, आणि तिघांकडून आलेली माहिती जुळली तरच ती खरी मानावी. यातला पहिला नियम क्वीननने पाळला. दुसरा पाळणे त्याला शक्यच नव्हते, कारण आतून बातमी देणारा त्याच्याजवळ एकच होता.

आता खबऱ्यांविषयी. त्यांच्या बाबतीत मात्र चित्रपटातली भीती शंभर टक्के खरी आहे. गुन्ह्याची खबर कोठून मिळाली हे सांगण्याची सक्ती पोलिसावर करता येत नाही, असे पुरावा कायद्याच्या कलम १२५ मध्ये होते, आणि २०२४ पासून लागू झालेल्या नव्या साक्ष अधिनियमातही ती तरतूद कायम आहे. त्यामुळे खबऱ्याचे नाव कागदावर येत नाही. तो खात्याचा नसतोच, तो एका अधिकाऱ्याचा असतो. आमच्या एका वरिष्ठांची छोटी डायरी असे. तीत 'दूधवाला', 'मावशी', 'इस्त्रीवाला' अशी नावे आणि पुढे फक्त वेळ. साहेब सेवेत असतानाच हृदयविकाराने गेले. डायरी घरच्यांकडे गेली, आणि त्यांच्यामागे ती वाचून अर्थ लावू शकेल असा कोणी नव्हता. तेराव्याला त्यांच्या घराखाली मी उभा होतो. समोरच्या पानपट्टीपाशी एक मध्यमवयीन माणूस बराच वेळ इमारतीकडे पाहत थांबला होता. वर आला नाही. पानवाल्याकडून काही घेतले नाही. पंक्ती उठू लागल्या तसा निघून गेला.

त्या हाँगकाँगच्या चित्रपटात, आपली ओळख ठाऊक असलेल्या वरिष्ठाची अंत्ययात्रा जात असताना टोळीतला पोलीस रस्त्याच्या कडेला एकटाच सलाम करतो. ते दृश्य मी मुलाच्या संगणकावर पाहिले आणि दोन मिनिटे चित्रपट थांबवावा लागला.

चार्ल्सकाठ

माझे वास्तव्य गेली अठरा वर्षे बॉस्टनजवळ आहे, म्हणून थोडी स्थानिक भर घालतो. चित्रपटातले बॉस्टन बऱ्याच अंशी न्यू यॉर्कमध्ये चित्रित झाले आहे, ही गोष्ट इथले लोक अजून विसरलेले नाहीत.

कॉस्टेलोची घडण ज्याच्यावरून झाली तो जेम्स 'व्हाइटी' बल्जर हा साउथ बॉस्टनचा. चित्रपटात अखेरीस कळते की कॉस्टेलो स्वतःच एफबीआयचा खबऱ्या आहे. हे काल्पनिक वळण वाटते, परंतु तोच भाग वास्तवाच्या सर्वांत जवळ आहे. बल्जर १९७५ पासून एफबीआयच्या दप्तरी खबऱ्या म्हणून नोंदलेला होता. त्याला सांभाळणारा अधिकारी जॉन कॉनली हा त्याच वस्तीत वाढलेला. कॉनली स्वतः सांगत असे की तो आठेक वर्षांचा असताना बल्जरने त्याला आइस्क्रीम घेऊन दिले होते. आता चित्रपटाची सुरुवात आठवा: दुकानाच्या गल्ल्यापाशी कॉस्टेलो लहानग्या कॉलिनच्या घरासाठी पाव, दूध आणि वर थोडी चिल्लर देतो. आइस्क्रीमच्या जागी किराणा आला, एवढाच फरक.

इटालियन माफियाविरुद्ध माहिती मिळते म्हणून एफबीआयने बल्जरकडे कानाडोळा केला, आणि उलट बाजूने कॉनली त्याला बातम्या पुरवत राहिला. डिसेंबर १९९४ मध्ये अटकेची कुणकुण त्यानेच पोहोचवली आणि बल्जर पसार झाला. सोळा वर्षांनी, जून २०११ मध्ये, तो कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिकात सापडला. म्हणजे चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा खरा 'कॉस्टेलो' समुद्रकिनारी म्हातारपण घालवत होता. २०१३ मध्ये इथल्याच संघीय न्यायालयात त्याला दोषी ठरवले गेले, अकरा खुनांतला सहभाग सिद्ध झाला, आणि २०१८ मध्ये तुरुंगात त्याचा खून झाला. कॉनलीला आधी २००२ मध्ये आणि नंतर फ्लोरिडातल्या एका खुनाच्या प्रकरणात २००८ मध्ये दोषी ठरवण्यात आले.

तेव्हा मूळ प्रश्नाचे माझे उत्तर 'रात्रपाळी' काकांच्या उत्तराहून थोडे वेगळे आहे. नोंद पुसली जाईल ही भीती खोटी असेलही, पण बॉस्टनमध्ये नोंद व्यवस्थित ठेवलेली होती. फाइल होती, खबऱ्याचा क्रमांक होता, अहवाल होते. फाइल सांभाळणाराच त्या माणसाचा होता, आणि त्यापुढे कुलूप, परवली, दोन साक्षीदार यांचा काय उपयोग?

उंदराविषयीही ताईंशी मतभेद नोंदवतो. इथल्या आयरिश वस्तीत खबऱ्याला उंदीर म्हणणे ही खुन्याला खुनी म्हणण्याहून मोठी शिवी आहे. ब्रिटिश राजवटीतल्या फितुरांची आठवण त्यामागे आहे. २०१३ च्या खटल्यात बल्जरच्या वकिलांनी जुगार, सावकारी, अमली पदार्थांचा व्यवहार हे सुरुवातीलाच कबूल केले, परंतु आपला अशील खबऱ्या होता हे मात्र शेवटपर्यंत नाकारले. आणि त्या शेवटच्या चित्रचौकटीत उंदरामागे जो सोनेरी घुमट दिसतो तो मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाचा आहे. बल्जरचा सख्खा भाऊ विल्यम १९७८ ते १९९६ या काळात त्याच घुमटाखाली राज्य सिनेटचा अध्यक्ष होता. इथल्या प्रेक्षकाला उंदीर फक्त सुलिव्हनच्या घरातला वाटत नाही.

नीरा_काठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. घुमटाचा संदर्भ मला अजिबात माहीत नव्हता, आणि तो कळल्यावर ढोबळपणाचा आक्षेप निम्मा मागे घेते. निम्मा अशासाठी की प्रतीक समजायला विधिमंडळाचा इतिहास ठाऊक असावा लागत असेल, तर उंदीर इतका ठळक कशाला हवा होता, आणि ठळकच ठेवायचा असेल तर घुमट पाहायला तरी वेळ द्यायचा होता.

'तिसरी_रांग' यांनी सांगितलेले दुकानातले दृश्य पाहण्यासाठी मूळ चित्रपट काल रात्री पाहिला. आपले म्हणणे पटले. मात्र एका गोष्टीत मला हाँगकाँगची आवृत्ती अधिक सौम्य वाटली: तिथे मानसोपचार करणाऱ्या डॉक्टर बाईंच्या हाती पुरावा लागतो आणि मेलेल्या माणसाला निदान त्याचे पोलीसपण परत मिळते. बॉस्टनमध्ये कॉस्टिगनच्या पदकाची शिफारस सुलिव्हनच करतो. ज्याने नाव पुसले त्यानेच ते सन्मानाने पुन्हा लिहावे, याच्याइतके हिंस्र मला त्या संपूर्ण चित्रपटात दुसरे काही दिसले नाही.

'रात्रपाळी' काका, एक विचारू का? पानपट्टीपाशी उभा असलेला तो गृहस्थ कोण होता हे पुढे कधी कळले का?

रात्रपाळी

नाही, ताई. विचारायला हवे होते असे तेव्हा वाटले नाही, आणि विचारले असते तर त्याने सांगितलेही नसते. पुढे दोनदा तो मला दादर स्थानकाच्या पुलावर दिसला, आम्ही दोघांनीही ओळख दाखवली नाही. डायरीतल्या वेळा आणि त्याच्या हातातली बॅग यांवरून माझा अंदाज आहे की तो 'इस्त्रीवाला' असावा. त्याचा सदरा मात्र दोन्ही वेळा चुरगळलेला होता.